रविवार, दुपारी तीन, नियंत्रक हजर

प्रिय मने,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच बाजूला ठेवशील अशी भीती आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की हे तुझ्या बाबांबद्दल आहे. सहा वर्षांत माझ्या नावानं तुला एक ओळही आली नाही आणि आता एकदम एवढं जाड पाकीट, तेही हातानं लिहिलेलं. तीस वर्षं कोर्टात स्टेनोग्राफर होते, टाइप करणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं हे तुला माहीत आहे. तरी पेन घेतलं. का, ते कळेल. आधी बसून घे, आणि शक्य असेल तर घरात एकटी असताना वाच.

मी हे बाबांच्या खोलीत बसून लिहिते आहे. जिन्याखालची ती चिंचोळी खोली, जिथे आधी आपण जुन्या गाद्या ठेवायचो. टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर आहे, शेजारी दोनशे पानी वही आहे आणि भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरात सहा नियम चिकटवलेले आहेत. तिसरा तुला पाठ असेल : समोरच्याच्या बंपरला नाक लावायला हरकत नाही, ढकललं तर शेवटी पाठवीन. तुला वाटत असेल, आईला यातलं काय कळतं. मने, मला आता सगळं कळतं. घरोघरी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या लोकांच्या तेवीस गाड्या पडद्यावरच्या चारशे मीटरच्या वाटोळ्यात शंभर फेऱ्या मारतात तेव्हा पहिल्या दहा फेऱ्यांत कोण घाई करणार हे मला नावानिशी सांगता येतं. आतली बाजू तापली की मागचं चाक कसं निसटतं तेही कळतं. पिवळा झेंडा मी दाखवते. रांग मी लावते. कोणाला शेवटी पाठवायचं ते रिप्ले चार वेळा मागे-पुढे करून मी ठरवते. हे आजकालचं नाही.

जरा मागून सांगते. बाबांचे कान डेपोत गेले हे तू पाहिलंसच. बसच्या चाकांवर हातोडा मारून ब्रेक तपासण्यात तीस वर्षं गेली. निवृत्त होईपर्यंत फोनवर त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मशीन घ्या म्हटलं की म्हणायचे, आता ऐकण्यासारखं काय उरलंय. पण बोट ठेवलं की त्यांना इंजिन कळायचं. या शर्यती ते तशाच बघायचे, स्पीकर टेबलावर पालथा ठेवून आणि त्याच्या बाजूला तळहात टेकवून. सरळ रस्त्यावर कोणीही पळवतं म्हणायचे, छोट्या वाटोळ्यात गर्दीत घुसवल्यावर माणूस कसा आहे ते दिसतं. स्वतः ते कधी शर्यतीत उतरले नाहीत. त्यांना घडवून आणायची हौस होती. कुठल्या कुठल्या देशांत गेलेले, एकमेकांना कधी न पाहिलेले मराठी लोक, कोणी शिक्षक, कोणी क्रेनवाला, तो दातांचा डॉक्टर, सगळे दर रविवारी दुपारी तीनला त्यांच्या शब्दाखाली रांगेत उभे राहायचे. चॅटमध्ये बाबांचं नाव नुसतं 'नियंत्रक' असं होतं. तीन वाजले की ते लिहायचे, 'नियंत्रक हजर'.

तू गेल्यावर दोन-एक महिन्यांनी शर्यतीत अकरा नंबरची गाडी आली, तुझी. मला त्यांनी सांगितलं नाही. पण स्वयंपाकघरात मला त्यांचं हसू ऐकू यायला लागलं आणि बऱ्याच दिवसांत ते हसले नव्हते, त्यामुळे मी समजले. एकदा चहा द्यायला गेले तर पडद्यावर 'बाबा' एवढा एकच शब्द दिसला. त्यांनी तो झाकला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी कप ठेवला आणि आले. तू माझं नाव टाळून बापाकडे यायची वाट शोधली होतीस आणि मी त्या वाटेत येऊ नये एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती मी चार वर्षं पाळली.

त्यांच्या आवाजाच्या फिती तू दर रविवारी ऐकतेस. 'पिवळा, पिवळा, वेग कमी करा.' 'दोन-दोनच्या रांगा.' 'हिरवा, हिरवा, हिरवा.' टाइप करताना घाईत चुका होतात म्हणून त्यांनी एका आठवड्यात अशा बावीस फिती नोंदवल्या आणि प्रत्येकीला एक बटण दिलं. बटण दाबलं की त्यांचा आवाज तेवीस घरांत जातो. हे सांगून ठेवते, पुढे लागेल.

मने, आता लिहिते. गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, बाबांच्या छातीत पाणी झालं. मंगळवारी दवाखान्यात नेलं. बुधवारी ते बरे वाटले, चिडले वगैरे. गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते गेले. मी शेजारीच होते. त्यांना त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मला पण तसंच दिसलं. सोळा महिने झाले.

पुढचं वाचायच्या आधी थांबावंसं वाटलं तर थांब.

तुला कळवायचं म्हणूनच मी त्या रविवारी या खोलीत आले. तुझा पत्ता नव्हता, नंबर तू बदलला होतास. एवढाच मार्ग होता. पासवर्ड कीबोर्डखाली लिहिलेला सापडला. तीनला दहा कमी होते, एरवी ते अडीचलाच सर्व्हर सुरू करून ठेवायचे. पडदा उजळला तेव्हा चॅटमध्ये तेवीस जण थांबलेले होते आणि तुझी ओळ आधीच आलेली होती, 'बाबा, आज उशीर? सगळे खोळंबलेत.' मी लिहायला घेतलं, 'मने, मी आई.' तेवढं लिहून पुसलं. मला वाटलं, तू कुठल्या तरी परक्या खोलीत कानाला हेडफोन लावून, हातात ते चाक धरून बसली असशील, भोवती अनोळखी माणसं असतील, आणि हे तू असं वाचायचं? हे माझं तेव्हाचं कारण. दुसरं कारण मी बरेच महिने स्वतःलाही सांगितलं नाही. 'मी आई' हे वाचलंस की तू निघून जाशील, हे ते कारण. मग तू पुन्हा लिहिलंस, 'बाबा?' आणि माझ्या हातानं टाइप झालं, 'आलो'. तू लिहिलंस, 'हुश्श.'

वहीत सगळं क्रमानं लिहिलेलं होतं, ब्रेक तपासायच्या यादीसारखं. सर्व्हर कसा सुरू करायचा, ट्रॅक कुठून निवडायचा, कोणतं बटण कशाचं. मी वाचत गेले, करत गेले. तीन वाजून चार मिनिटांनी मी 'हिरवा' चं बटण दाबलं आणि तीन दिवसांपूर्वी ज्यांना पोचवून आले होते त्यांचा आवाज खोलीत मोठ्यानं बोलला. मी स्पीकर हातानं दाबून धरला. पण गाड्या सुटल्या. सगळ्या सुटल्या, तुझीही.

पुढच्या रविवारी सांगू, असं मी म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. आत्यानं, मावशीनं, बाबांच्या डेपोतल्या मित्रांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की तुला कळवलंय. त्यांनी ठरवून टाकलं की पोरगी बापाच्या शेवटच्या दर्शनालाही आली नाही. आत्यानं तुझं नाव टाकलं. मी समोर बसून ऐकलं. तो दोष तुझ्यावर बसला तो मी बसवलेला आहे. आत्याला मी काल जाऊन खरं काय ते सांगून आले. ती माझ्याशी आता बोलत नाही, ते ठीकच आहे.

दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवणं हे माझं कामच होतं. बाबा पूर्णविराम द्यायचे नाहीत, 'बरं' वर अनुस्वार विसरायचे, रागावले की तुला 'अकरा' म्हणायचे, खूश असले की 'मनुताई'. चार वर्षांचं सगळं बोलणं वर जतन होतं. मी ते वाचून काढलं, एखादी साक्ष वाचावी तसं. महिन्याभरात मला विचार करावा लागेनासा झाला. मग वाणसामानाच्या यादीत माझ्या हातून अनुस्वार गळायला लागले. दुकानदार काही बोलला की मी 'काय?' म्हणून कान पुढे करायचे, आणि माझे कान चांगले आहेत. एकदा कॉम्प्युटर बंद असताना, अंधारलेल्या पडद्यासमोर, टेबलावर तळहात टेकवून मी बसलेली मलाच सापडले. किती वेळ बसले होते ठाऊक नाही. समोरचा चहा गार झाला होता आणि त्यात साखर होती. मी बिनसाखरेचा पिते.

एक प्रसंग मला आजही उलगडलेला नाही, तो सांगायलाच हवा. गेल्या मोसमातली आठवी शर्यत तुला आठवत असेल. तिसऱ्या वळणावर तू आणि चौदा नंबर, म्हणजे तो दातांचा डॉक्टर, एकमेकांत अडकलात. त्यानं तक्रार केली. रिप्लेमध्ये स्पष्ट दिसत होतं की चूक तुझी आहे. माझ्यानं लिहवेना. वारा सुटला म्हणून मी गच्चीवर कपडे काढायला गेले, खरं तर निर्णय टाळायला गेले. कवेत ओल्या कपड्यांचा ढीग घेऊन परत आले तर चॅटमध्ये निर्णय लागलेला होता. 'चूक अकराची शेवटी पाठवलं माझी आहे म्हणून सोडणार नाही' पूर्णविराम नव्हते. खाली तुझं उत्तर होतं, 'मान्य, बाबा.' वेळ चार वाजून बारा मिनिटं. मी दाराची कडी बघून आले. लावलेली होती. कपडे हातातच होते, पाणी फरशीवर ठिबकत होतं. मीच जायच्या आधी लिहिलं असणार आणि विसरले असणार. घरात दुसरं कोणी नव्हतं. असं मी स्वतःला पटवलं, पण त्या दिवसापासून तीन वाजता खुर्चीत बसायच्या आधी मी क्षणभर बाजूला थांबते. कोणी उठायची वाट बघावी तशी.

मग तेविसावी फीत. वहीत बावीसच होत्या, पण एक बटण बिननावाचं होतं. या मोसमाच्या दुसऱ्या शर्यतीत घाईत माझं बोट त्यावर पडलं. आधी नुसती खरखर, मग बाबांचं खोकणं, मग लांबून माझा आवाज. 'अहो, जेवण गार होतंय, किती हाका मारायच्या.' आणि बाबा म्हणतायत, 'आलोच. हे एवढं संपलं की आलो.' त्यांना ऐकू जावं म्हणून मी नेहमी ओरडूनच बोलायचे, त्यामुळे माझा शब्द न् शब्द आलेला होता. फीत नोंदवताना चुकून राहिलेला तुकडा. तेवीस घरांत तो गेला. तिथे, त्या खुर्चीत, मी त्यांच्या नावानं बसलेली, आणि जेवायला बोलावणारी मी बाहेर. मला खरंच दाराकडे बघावंसं वाटलं. सगळे हसले, कोणी लिहिलं की जा हो नियंत्रक, जेवून या. तू मात्र बऱ्याच वेळानं खासगीत लिहिलंस, 'ती आई होती ना? आवाज थकलाय तिचा.' मी उत्तर दिलं, 'हो थकली आहे'.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा निरोप आला. तो माणूस प्रत्येक निकालावर वाद घालतो, तुला माहीतच आहे. बाबा म्हणायचे, दुसऱ्यांचे दात काढून याचं समाधान होत नाही. त्यानं लिहिलं होतं, 'माणूस दर रविवारी एकाच शब्दानंतर एकाच प्रकारे खोकत नाही. मी वर्षभर नुसत्या फितीच ऐकतोय. तुम्ही कोण?' पिवळ्याच्या फितीत 'वेग' नंतर ते जरा खोकतात. हजारदा ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दोन दिवसांनी उत्तर दिलं, की मी त्यांची बायको. त्यानं एकच शब्द लिहिला, 'कधी?' मी तारीख सांगितली.  मग आलं, 'म्हणजे मला पाच वेळा शेवटी तुम्ही पाठवलंत.' मी म्हटलं, हो, आणि पाचही वेळा बरोबर पाठवलं. त्यावर तो म्हणाला, बरोबर होतं. आणि मग म्हणाला की तुम्ही अकराला नेहमी सोडता, ते कधी सोडायचे नाहीत. एकदाच, आठव्या शर्यतीत, ते असल्यासारखं वाटलं. मी कॉम्प्युटर बंद केला. रात्र व्हायच्या आत सगळे दिवे लावले. शेवटी त्यानं एवढंच लिहून ठेवलं होतं, 'मुलीला सांगा. मी कोणाला बोलणार नाही, पण तुम्ही सांगा.'

मी सांगितलं नाही, कारण तू बोलायला लागली होतीस. शर्यत संपल्यावर बाकीचे गेले की तू थांबायचीस. नवी नोकरी, नवं घर आणि त्याचा पत्ता, ज्यावर हे पाकीट आलंय, तिथल्या जिन्यातला अंधार, दुखणारी दाढ, त्या चांगल्या वाटणाऱ्या माणसाचं नाव सांगायला लाजणं. एकदा लिहिलंस, 'बाबा, तुम्ही हल्ली जास्त बोलता. आवडतं मला.' ते वाचून मी उठून पाणी प्यायले. माझ्याशी तू कधी एवढं बोलली नव्हतीस, लहानपणीही नाही. मला ते सोडवेना. याला दुसरा कुठला शब्द मी शोधला नाही.

आता हे पत्र का, ते; आणि पेनानं का, तर कीबोर्डवर माझा हात आता त्यांचाच होतो. दोन महिन्यांपूर्वी तू बाबांना विचारलंस, 'आईनं त्या दिवशी तसं का केलं?' तू दोन पिशव्या घेऊन, नवऱ्याचं घर सोडून आली होतीस आणि मी तुला पाणीही न विचारता आजच्या आज परत जा म्हटलं, तो दिवस. मी बाबा होऊन उत्तर दिलं. लिहिलं, ती घाबरली होती, रोज मोडलेल्या संसारांच्या साक्षी टाइप करून तिला सगळीकडे तेच दिसायचं. एवढं खरं होतं. पण मी पुढे लिहिलं, 'तू निघालीस तेव्हा ती रस्त्याच्या टोकापर्यंत तुझ्या मागे आली होती तू वळून पाहिलं नाहीस'. गेल्या रविवारी तुझा निरोप आला, की एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, आई रस्त्याच्या टोकापर्यंत आली होती हे कळल्यापासून झोप नाही, तिला आधी सांगू नका, मीच बोलेन तिच्याशी. मी उत्तर दिलं नाही. सोळा महिन्यांत तुझी एकच ओळ अशी आहे जिला इथून उत्तर गेलं नाही, आणि तुला वाटत असेल की बाबा गप्प का. मने, मी रस्त्याच्या टोकापर्यंत आले नव्हते. जिन्यापर्यंतही आले नव्हते. तुझी पावलं खाली जाताना ऐकत मी भांडी घासत होते. संध्याकाळी बाबा कामावरून आले, सगळं ऐकून घेतलं, नीट ऐकू न आल्यामुळे दोनदा सांगायला लावलं, आणि म्हणाले, 'तू चुकलीस.' त्या दिवसाबद्दल ते जन्मात एवढंच बोलले. तेवढं त्यांचं आहे, बाकी सगळं माझं. तिकीट तुझ्याकडे आहे आणि कोणत्या वाक्यावर ते काढलंस हे आता तुला ठाऊक आहे. येत्या रविवारची शर्यत डॉक्टर चालवेल, मी त्याला वही पाठवली आहे आणि फिती काढून ठेवल्या आहेत, तुला हव्या असतील तर तुझ्या आहेत. एकवीसला आलीस तर घरात मी एकटी असेन.

तुझीच, या खेपेला माझ्याच नावानं,
आई